नक्कल आणि मेळ

व्यापारी पेढीची ओळख एकेकाळी तिच्या गादीवरून होत असे. पांढरी खोळ घातलेली गादी, मागे लोड, पुढ्यात उतरते मेज, हाताशी लाल कापडी बांधणीच्या वह्या आणि भिंतीत बसवलेली तिजोरी एवढा सरंजाम असला की पेढी पुरी झाली. आता गादीच्या जागी खुर्च्या आल्या, वह्या संगणकात गेल्या आणि कोपऱ्यातल्या टेबलावर करड्या रंगाचे एक यंत्र येऊन बसले. छापणे, झेरॉक्स काढणे, कागद स्कॅन करणे आणि कोणी मागितलाच तर फॅक्स पाठवणे, ही चारही कामे ते एकटे करते. विकणारा त्याला मल्टिफंक्शन प्रिंटर म्हणतो. पेढीवर त्याचे नाव नुसते ‘मशीन’.

या यंत्राच्या आधी नक्कल करणे हे माणसाचे काम होते. दिवसभराची कीर्द खतावणीत उतरवली जाई. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला खातेउतारा हवा असला, तर मुनीम तो शाई-टाकाने पुन्हा लिहून काढीत आणि दुसरा कोणी मोठ्याने वाचून ताडून पाही. पुढे कार्बन कागद आला आणि बिलाच्या तीन प्रती एका दाबात निघू लागल्या. तिसरी प्रत मात्र इतकी पुसट, की वाचणाऱ्याने अंदाजच बांधावा. तीन प्रतींची ती रीत आजही टिकून आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाची मूळ प्रत घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी विकणाऱ्याची. शिवाय हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. संगणक आला म्हणजे कागद सरेल, असे पुष्कळांना वाटले होते. प्रत्यक्षात मशीनला दिवसभर उसंत नसते.

या यंत्राचे मूळही कचेरीतल्या कंटाळ्यातच आहे. चेस्टर कार्लसन हे न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला होते. दस्तऐवजांच्या प्रती त्यांना वारंवार लागत, आणि त्या पुन्हा टंकलिखित करणे किंवा छायाचित्र काढून घेणे, एवढेच मार्ग होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्यांनी आणि त्यांचे मदतनीस ऑटो कॉर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून त्यावर वीजभार आणला. काचेवर लिहिलेली तारीख आणि ठिकाणाचे नाव प्रकाशाच्या साहाय्याने त्यावर उमटवले, वर बारीक भुकटी भुरभुरली आणि ती अक्षरे मेणकागदावर उचलली. अनेक कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. अखेर १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र आले आणि कंपनीचे नाव आपल्याकडे नकलेचेच नाव होऊन बसले. आजच्या लेसर मशीनमध्येही तत्त्व तेच आहे: वीजभार, प्रकाश, भुकटी आणि ती कागदावर पक्की करणारी उष्णता.

मशीनविषयीची गाऱ्हाणी पेढीपेढीवर सारखीच ऐकू येतात. पहिले गाऱ्हाणे शाईचे. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि शाई महाग विकायची, हा सौदा व्यापारी माणसाला पटकन उमगतो, पण उमगेपर्यंत यंत्र घरात आलेले असते. टोनरच्या खोक्यावर जी पानांची संख्या छापलेली असते, ती पानाच्या साधारण ५ टक्के भागावरच शाई पडेल असे धरून काढलेली असते. काळ्या चौकटींचे बिल, वर ठसठशीत बोधचिन्ह, खाली शिक्का, असे पान असले की ती संख्या कधीच गाठली जात नाही. दुसरे गाऱ्हाणे न वापरण्याचे. द्रव शाईचे यंत्र दोन-तीन आठवडे बंद राहिले, तर शाईची सूक्ष्म छिद्रे सुकून बुजतात आणि ती साफ करण्यातच निम्मी शाई खर्ची पडते. टोनरची भुकटी अशी सुकत नाही. म्हणून रोज काळीपांढरी बिले काढणाऱ्याने लेसरचे यंत्र घ्यावे आणि रंगीत पत्रिका, छायाचित्रे काढणाऱ्या घराने शाईचे, एवढा विवेक घेतानाच केला तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

तिसरे गाऱ्हाणे पावसाळ्याचे. कागद हवेतला ओलावा शोषतो, पाने एकमेकांना चिकटतात, कडा वळतात. मग मशीन कुरकुरते, कागद अडकतो, झाकण उघडा, ओढा, पुन्हा लावा. अडकलेला कागद निदान दिसतो. जे दिसत नाही, ते अधिक महागात पडते.

सांगलीच्या हळदपेठेतील एका पेढीवर असे घडले. अहमदाबादच्या एका खरेदीदाराशी या पेढीचा दोन पिढ्यांचा व्यवहार. माल पाहण्याआधी शब्दावर सौदा व्हावा, असा विश्वास. ऑगस्टमध्ये लेखापरीक्षणासाठी त्या खरेदीदाराने सही-शिक्क्याचा खातेउतारा मागवला. कचेरीचे काम सूनबाई पाहत. त्यांनी अकरा पानांचा उतारा छापला, प्रत्येक पानावर सही-शिक्का करून घेतला, गठ्ठा मशीनच्या वरच्या खाचेत ठेवला आणि बटण दाबले. पाने एकामागून एक आत गेली, बाहेर आली, आणि उतारा ईमेलने रवाना झाला.

चार दिवसांनी उत्तर आले. एरवी त्या घरून फोन येई, आधी प्रकृतीची चौकशी होई, मग कामाचे बोलणे. या वेळी ईमेल होता, चार ओळींचा. त्यांनी पाठवलेल्या तीन रकमा उताऱ्यात कोठेही जमा दिसत नाहीत, तरी तत्काळ खुलासा व्हावा. चिरंजीव संतापले. बँकेत पैसे जमा आहेत, वहीत नोंद आहे, मग असे लिहायचे तरी कसे? तेही तशाच चार ओळी लिहायला बसले.

घरातले वडीलधारे अण्णा त्या वेळी पेढीवर होते. वयाने व्यवहारातून निवृत्त, पण सकाळचे दोन तास खुर्चीत बसायचेच. त्यांनी पाठवलेल्या उताऱ्याची प्रत मागितली आणि रकमा पाहण्याऐवजी पानांच्या तळाशी व माथ्याशी नजर फिरवली.

“सूनबाई, पाचव्या पानाखाली ‘पुढे नेले’ काय लिहिलंय? आणि पुढच्या पानावर ‘मागून आणले’ काय आहे?”

दोन्ही आकडे वेगळे होते. पाचव्या पानामागून सातवे पान आले होते. दमट हवेत चिकटलेली दोन पाने मशीनने एकदम ओढली होती आणि सहावे पान त्याच्या दृष्टीला पडलेच नव्हते. त्या तीन रकमा नेमक्या त्या पानावर होत्या.

“पण अण्णा, मशीनने काहीच सांगितलं नाही हो. काम पूर्ण झालं असंच दाखवलं.”

“त्याला काय ठाऊक बाळ, किती पानं होती ते? ते फक्त आपल्याला ठाऊक.” एवढेच बोलून त्यांनी चिरंजीवांना सांगितले, “लिहू नकोस. फोन लाव. आधी चूक आपली म्हण, मग पान पाठव.”

फोन झाला, पान गेले, प्रकरण दोन मिनिटांत मिटले. तरीही पलीकडचे घर चार दिवस आपल्याविषयी काय समजून बसले होते, हा विचार त्या पेढीवर पुष्कळ दिवस राहिला. एक पान हरवले होते, पण पणाला लागले होते ते दोन पिढ्यांचे नाव.

पान गळणे निदान पान मोजून कळते. आकडाच बदलला तर? ही कल्पना नाही. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने एका बांधकाम आराखड्याच्या स्कॅनमध्ये विचित्र प्रकार पाहिला. मूळ आराखड्यात तीन खोल्यांचे क्षेत्रफळ १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटर होते. झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या कार्यालयीन यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ झाल्या होत्या. दुसऱ्या कागदावर ६ च्या जागी ८ आले होते. अक्षरे पुसट नव्हती, फाटकी नव्हती. अगदी स्वच्छ, सुबक आणि चुकीची. कारण असे होते, की फाईल लहान व्हावी म्हणून यंत्र पानाचे छोटे तुकडे करी आणि सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच चित्राने भरून काढी. बारीक टंकातले ६ आणि ८ त्याला सारखे वाटले. हे केवळ कमी दर्जाच्या स्कॅनमध्येच होते, असे प्रथम सांगितले गेले. पुढे वरच्या दर्जातही ते घडते असे दिसून आले आणि कंपनीने यंत्रांसाठी दुरुस्ती उपलब्ध करून दिली. या प्रकारातून उरणारा धडा मात्र त्या दुरुस्तीने संपत नाही. पुसट कार्बन प्रतीवर माणूस संशय घ्यायचा. स्वच्छ प्रतीवर तो संशय घेत नाही.

येथे जुन्या वहीच्या रीती नव्याने पाहण्यासारख्या आहेत. रक्कम आकड्यात लिहून पुन्हा अक्षरी लिहायची. पानाच्या शेवटी बेरीज पुढे न्यायची आणि पुढच्या पानाच्या आरंभी ती पुन्हा मांडायची. रात्री रोकड मोजून मेळ घालायचा, आणि मेळ बसल्याशिवाय वही मिटायची नाही. तरुण पिढीला यात पुनरुक्ती दिसते. ती पुनरुक्ती नकलेतल्या चुकीसाठीच ठेवलेली होती. ६ चा ८ होऊ शकतो, पण ‘सहा हजार’ अक्षरी लिहिले असता ते सहजासहजी ‘आठ हजार’ होत नाही. पान गळू शकते, पण पुढे नेलेली बेरीज त्याची रिकामी जागा दाखवून देते. लिहिणाऱ्याचा हात थकतो, डोळा चुकतो, हे पूर्वजांनी गृहीत धरले होते. यंत्राचा डोळाही चुकतो, एवढेच आता त्यात मिळवायचे आहे.

आणखी एक गोष्ट व्यापारी घरांनी ध्यानात ठेवावी. कार्यालयांतल्या मोठ्या मशीनमध्ये पुष्कळदा संगणकासारखीच हार्ड डिस्क असते, आणि झेरॉक्स काढलेल्या कागदांची चित्रे तीत साठून राहू शकतात. २०१० साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी वाहिनीने वापरलेली चार यंत्रे विकत घेऊन तपासली, तेव्हा त्यांतून पोलिसांची कागदपत्रे आणि रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी निघाल्या. जुन्या वह्या रद्दीत घालताना जे घर दहादा विचार करते, त्याने जुने मशीन बदलून देतानाही तेवढीच काळजी घ्यावी. आतली डिस्क पुसून घ्यावी किंवा काढून ठेवावी. गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, धनादेश, घरातल्यांचे दाखले हे सारे त्या काचेवरून गेलेले असते.

यासाठी फार काही करावे लागत नाही. पावसाळ्यात कागदाचे रीम बंद वेष्टनात ठेवावे आणि गठ्ठा लावण्यापूर्वी पाने हाताने मोकळी करावीत. प्रत्येक पानावर ‘११ पैकी ६’ असा क्रमांक छापावा. महत्त्वाचा कागद पाठवण्याआधी स्कॅन उघडून पाने मोजावीत आणि निदान शेवटची बेरीज मूळ कागदाशी ताडून पाहावी. रक्कम मोठी असेल तर ती अक्षरी असावी. हे करायला एका उताऱ्यामागे तीन-चार मिनिटे जातात. पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुला-मुलींना मशीनचे बटण दाखवताना ही मिनिटेही त्याच दिवशी शिकवावीत. नक्कल यंत्राने काढली तरी तिच्याखालची सही घराची असते, आणि समोरचा व्यापारी विश्वास ठेवतो तो त्या सहीवर.