गंगाधरशास्त्र्यांची पुन्हां गांठ

बालपणीं ज्या वस्तूवर जीव जडला तिची प्रौढपणीं पुन्हां गांठ घेणें हें मोठें धाडसाचें काम आहे. तेव्हांचा अथांग डोह आतां गुडघाभर पाण्याचा निघतो, आणि आठवण मात्र कायमची नासते. म्हणून माझ्या पुतण्यानें जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून "शक्तिमान"ची एक हिंदी चित्रकथा आणून माझ्यापुढें ठेवली, तेव्हां ती उघडावी कीं नाहीं असा मला क्षणभर प्रश्न पडला. अर्थात् उघडली.

ज्या घरांतून आज तिशी-चाळिशीचीं माणसें आहेत तेथें शक्तिमानाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं सांगतें. १३ सप्टेंबर १९९७ रोजीं ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. नायकाची भूमिका मुकेश खन्ना यांची. "महाभारत" मालिकेंतील भीष्म म्हणून ते आधींच घरोघर ठाऊक झालेले असल्यामुळें, "आज भीष्माचार्य उडणार कां रे?" असें आमचे आजोबा विचारीत. परदेशी वीरांपैकीं कोणी परग्रहावरून येतो, कोणाला कोळी चावतो. आमचा हा वीर मात्र ध्यानधारणेनें कुंडलिनी जागृत करून आणि पंचमहाभूतांचें बळ मिळवून समर्थ झालेला. एवढ्या एका कारणावरून, जेवणाच्या वेळीं दूरदर्शनसंच लावूं न देणाऱ्या वाईच्या आमच्या घरांत त्याला मुभा मिळाली. परंतु आधीं मूलाधारापासून सहस्रारापर्यंत सातहि चक्रांचीं नांवें बिनचूक म्हणून दाखवावीं लागत. नऊ पोरें रांगेनें बसून तीं घोकीत, आणि नेमकी त्याच वेळीं वीज गेली कीं घरांत जो आकांत उडे तो विचारूं नये!

चित्रकथा म्हणून पुस्तक बेताचेंच आहे. कागद पिवळा पडलेला, रंग रेघांबाहेर सांडलेले, आणि तमराज किल्विषाची मुद्रा पाहून भय वाटण्याऐवजीं त्याचें पोट बिघडलें असावें असें वाटतें. एक गोष्ट मात्र कागदावर अधिक साधली आहे. पडद्यावरचें तें उड्डाण आज पाहिलें तर त्यांतील कारागिरीचे सांधे लगेच दिसतात; येथें चित्रकारानें चार वेटोळीं काढलीं कीं शक्तिमान गरगर फिरून विनासायास आकाशांत जातो. भोंवतालचा गलका आपला आपण मनांत उठवावयाचा असतो. मला तर त्यांत आमच्या माजघरांतील पोरांचा आरडाओरडा ऐकूं आला.

तथापि मी अडखळलें ती गंगाधराच्या चित्रांपाशीं. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हें शक्तिमानाचें लौकिक रूप. पुढें आलेले दांत, जाड चष्मा, आणि वर्तमानपत्राच्या कचेरींत छायाचित्रकाराची नोकरी. सगळ्यांनीं त्याला हंसावें आणि त्यानें तें ओशाळवाणें ऐकून घ्यावें. लहानपणीं हे प्रसंग आम्हांला नकोसे होत. "हा केव्हां जातो आणि तो केव्हां येतो" एवढेंच लक्ष. आतां मात्र शक्तिमानाचीं पानें मीं भराभर उलटलीं. बळ असून तें न दाखवितां दिवसभर हंसें करून घ्यावयाचें, हें उडण्यापेक्षां अवघड असलें पाहिजे.

आमच्या घरांतहि असा एक गंगाधर होता. धाकटे काका अविवाहित. बोलण्यांत थोडे अडखळत. त्यांच्या नकला करणें हा लग्नकार्यांतला ठरलेला विनोद असे. रेशनच्या रांगेंत उभे राहणें, विजेचें बिल भरणें, इस्पितळांत आजारी माणसाच्या उशाशीं रात्र काढणें हीं कामें त्यांचींच. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यांत सलग एकवीस रात्रीं ते बांकावर निजले. तें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं, कारण सकाळीं दूध आणावयास तेच हजर असत.

गेल्या महिन्यांत वाईच्या वाड्याच्या वाटणीचे कागद झाले. पायखणीच्या दगडांपासून देवघरांतल्या समईपर्यंत सर्वांचा निकाल लागला. काकांनीं कोणाकडे राहावें, एवढा एकच मुद्दा "नंतर पाहूं" म्हणून बाजूला ठेवण्यांत आला. आमच्याकडे मुली वाटणीच्या बैठकींत बसतात, पण बोलत नाहींत. मी बोललें. चुलतभावाला तें रुचलें नाहीं, आणि अजूनहि त्याचा राग उतरलेला नाहीं.

लग्न झालेल्या मुलीनें माहेरचा काका सासरीं आणावा कीं नाहीं, यावर इकडे चार दिवस खल झाला. यजमान अनुकूल होते. दीर गप्प राहिले. सासूबाईंनीं शेवटीं एवढेंच विचारलें, "त्यांना रात्रीं दूध लागतें कां?"

काका आले त्याच दिवशीं पुतण्यानें त्यांना ती चित्रकथा दाखविली. चष्मा पुसून त्यांनीं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "ह्याचे दांत जरा जास्तच पुढें काढलेत." मग त्यांनीं विजेचें बिल कोठें ठेवतां म्हणून विचारलें. मागच्या खोलींत त्यांची पेटी आणि खाट बसली आहे. पंखा तेवढा अजून लावावयाचा आहे.