वेगाचा आकडा आणि पट्टीची जाडी

सडपातळ लॅपटॉपसाठी एसएसडी निवडताना खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. ‘सेकंदाला ७,००० एमबी’ हा वेग एकच अजस्र फाइल सलग वाचतानाचा. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना ड्राइव्ह चार-चार केबीचे बारीक तुकडे इकडून तिकडून वेचत असतो. एकेक मागणी येईल तसं हे वेचणं चालतं, तेव्हा नावाजलेले ड्राइव्हही शंभर एमबीच्या आतबाहेरच घुटमळतात. हार्ड डिस्क तिथे एक एमबीसुद्धा जेमतेम गाठते, म्हणून एसएसडी बसवल्यावर जुना लॅपटॉप तरुण झाल्यासारखा वाटतो. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीवरून चौथ्या पिढीवर गेल्याने तो चमत्कार पुन्हा घडत नाही. आणि लॅपटॉपचा स्लॉटच तिसऱ्या पिढीचा असेल तर चौथ्या पिढीचा ड्राइव्ह बसेल, चालेल, पण साडेतीन हजारांपाशी अडेल.

म्हणून निवड लॅपटॉपच्या पोटापासून सुरू करावी. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर इथलं अंथरूण २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब; २२८० या नावात तेच मोजमाप आहे. काही लॅपटॉपांत ते २२४२ किंवा २२३० एवढं आखूड असतं. लांबी बहुतेक जण बघतात, जाडी क्वचितच कोणी. दोन्ही बाजूंना चिप असलेला ड्राइव्ह अरुंद जागेत खालच्या बोर्डाला टेकतो, स्क्रू आवळला की कमानीसारखा वाकतो. एकाच बाजूला चिप असलेला घ्यावा. साटा या जुन्या, संथ जोडणीचा ड्राइव्हही याच आकारात मिळतो आणि खाचेत सहज शिरतो, पण स्लॉट फक्त एनव्हीएमईचा, म्हणजे पीसीआयईवर चालणाऱ्या ड्राइव्हचा असेल, तर लॅपटॉपला तो दिसतच नाही.

खरी गोम उष्णतेत आहे. वेगवान ड्राइव्ह भराला आला की सात-आठ वॉट खातो. ५० वॉट-तासांची बॅटरी हलक्या कामात सात तास पुरते, म्हणजे अख्खा लॅपटॉप सरासरी सातच वॉटवर चाललेला असतो! डेस्कटॉपमध्ये अशा ड्राइव्हवर धातूची जाड पट्टी बसवतात; इथे तिला जागा नाही. तापला की तो स्वतःच वेग उतरवतो, आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच हातून जातं.

‘मी व्हिडिओ एडिट करतो, मला सलग वेगच हवा,’ हा आक्षेप रास्त आहे. पण तिथे प्रश्न पहिल्या दहा सेकंदांचा नसून विसाव्या मिनिटाचा असतो. क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबणारा स्वस्त ड्राइव्ह मोकळ्या जागेचा तात्पुरता कॅश करून सुरुवातीला झपाट्याने लिहितो. तो भरला की काही ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या पातळीवर घसरतात, आणि ड्राइव्ह जितका भरलेला तितका कॅश लहान. त्यामुळे अशा कामाला थंड चालणारा टीएलसी (पेशीत तीनच बिट ठेवणारा) ड्राइव्ह, तोही गरजेपेक्षा एक पायरी मोठा, जास्त उपयोगी. ‘झिजेल’ ही भीती मात्र फुगवलेली आहे. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हवर ६०० टीबी लेखनाची हमी सर्रास मिळते. रोज ३० जीबी लिहिले तरी वर्षाला ११ टीबीच होतात. ही हमी संपेतोवर लॅपटॉपची बिजागरीच तुटलेली असेल.

‘वेगवान घेतला तर पुढच्या लॅपटॉपला लावता येईल’ हे अर्धं खरं. पुढच्या लॅपटॉपात त्याचा स्वतःचा ड्राइव्ह असेलच, आणि अनेक सडपातळ लॅपटॉपांत तो बोर्डवरच डागलेला असतो. तिथे स्लॉट शोधायला झाकण उघडण्यातही अर्थ नाही.