उगवतीकडे तोंड

इंग्रजीतील ‘ओरिएंट’ या शब्दाचा नाम म्हणून अर्थ पूर्व दिशा असा होतो, तर क्रियापद म्हणून योग्य दिशेला तोंड करणे असा. आणि या दोन्ही अर्थांच्या मुळाशी ‘उगवणे’ या अर्थाचे ‘ओरीरी’ हे लॅटिन क्रियापद आहे. ‘ओरिएंट’ हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा त्याचा अर्थ पूर्वाभिमुख करणे असाच होता. पुढे त्यातली पूर्व गळाली आणि नुसती दिशा उरली. प्राध्यापकांच्या ‘ओरिएंटेशन’ला मराठीत उद्बोधन वर्ग म्हणतात, त्यात तर दिशाही उरली नाही.

संस्कृतात हाच हिशेब अधिक उघडपणे मांडलेला दिसतो. ‘प्राची’ म्हणजे पुढची, ‘प्रतीची’ म्हणजे मागची, आणि उगवतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उजव्या हाताला येते ती ‘दक्षिण’, जिच्यावरून दख्खन हे नाव पडले. अरबीतही डावी बाजू आणि उत्तर यांचे शब्द एकाच घरातले आहेत. दख्खनसारखा एवढा मोठा मुलूख कोणाच्या तरी उजव्या हाताला पडला म्हणून उजवा ठरला, ही गंमत सहसा लक्षात येत नाही.

छत्रपती संभाजीनगरने मात्र दिशा सांगण्याची वेगळी रीत धरली. 1610 मध्ये मलिक अंबरने हे शहर खडकी म्हणून वसवले. पुढे औरंगजेबाच्या काळात त्याला तटबंदी झाली, आणि तिच्या मुख्य वेशींना वाट जिथे पोहोचते त्या ठिकाणांची नावे मिळाली: उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण. पश्चिमेचा, खाम नदीवरच्या पुलाशी उभा असलेला दरवाजा तेवढा मकाई, म्हणजे मक्केचा. जालना-पैठणला बैलगाडी जाई. मक्केची वाट मुख्यतः नमाजाला उभे राहणाऱ्याच्या नजरेतली, कारण या शहरातून किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, जवळजवळ थेट मावळतीला येते. येथे भक्तीचे तोंड सूर्यावरून नव्हे, स्थळावरून ठरते, आणि ‘ओरिएंट’ या शब्दाची पूर्व इथे लागूच पडत नाही.

ती वेरूळलाही पडत नाही. शिवमंदिरे सहसा पूर्वाभिमुख असतात; तरी राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवलेले कैलास लेणे पश्चिमेकडे पाहते, आणि त्याच्या प्रवेशद्वारावर ऊन येते ते दुपार कलल्यावर. शास्त्रापेक्षा इथे खडकाचेच चालले असावे, कारण वेरूळच्या कड्याचे तोंडच पश्चिमेला आहे.