संगणकाचा आवाज आणि एक ‘ज’

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात देशभर टाळेबंदी होती. बेळगावहून महाराष्ट्रात जाणारा रस्ता बंद, दुरुस्तीची दुकाने बंद, आणि आमच्या घरातला एकुलता एक संगणक मुका. एरवी याची कोणी फिकीर केली नसती. परंतु माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून डोळे दाखवण्यासाठी म्हणून आली होती आणि आमच्याकडेच अडकून पडली होती. तिला तिच्या आईचा आवाज ऐकवीन, असा शब्द मी देऊन बसलो होतो.

ती हकीकत थोडी मागची आहे. माझी आजी १९८४ साली आजारी होती. त्याच्या आदल्या वर्षी आत्याचे यजमान गेले होते; आत्याने अन्न टाकले होते, बोलणे टाकले होते. आजीला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. म्हणून वडिलांनी कॅसेटवर आजीचे बोलणे मुद्रित केले. आधी ओव्या, मग शेतांची नावे, जुन्या आठवणी, आणि सर्वांत शेवटी लेकीला निरोप. कॅसेट पोचवण्याआधीच आजी गेली. वडिलांना पुन्हा ती फीत लावण्याचा धीर झाला नाही. मात्र त्यांनी त्यातला मजकूर मुद्रणाच्या दिवशीच एका वहीत उतरवून ठेवला होता. वडिलांच्या मागे ती वही माझ्याकडे आली आणि १९९५ साली मी ती आत्याला वाचून दाखवली. शेवटचे वाक्य होते : “बये, तू जग तेवढं बघ.”

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कुठलं जग बघू मी आता? पंढरपूरच्या पलीकडं पाय न्हाई पडला माझा.” आईचे एवढे एक मागणे राहून गेले, हे त्यानंतर अनेकदा तिच्या बोलण्यात येत असे.

२००८ साली मी त्या कॅसेटची तबकडी करून घेतली. सुरुवातीच्या दोन ओव्या ऐकल्या आणि आत्या आली की सगळे एकत्र ऐकू म्हणून ती कपाटात ठेवली. ती तेथेच बारा वर्षे राहिली. या दिरंगाईला माझ्याजवळ सबब नाही.

संगणक जुना, २०१४ सालचा. त्यातली मूळ प्रणाली रखडू लागली म्हणून पुण्याच्या भाच्याने संक्रांतीला आला असता त्यावर उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मुक्तस्रोत प्रणाली बसवून दिली होती. मी केवळ लेख टंकत असे. आवाज कोणी तपासलाच नाही. आता तबकडी घातली, ती फिरू लागली, पडद्यावर वेळाचा काटा सरकू लागला, पण आवाज शून्य. माझा फोन साधा, बटणांचा. तबकडी वाजवायला घरात दुसरे साधन नव्हते.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, घाबरू नका. आवाज कुठेतरी अडलाय. कुठे अडलाय तेवढंच शोधायचं.”

त्याने समजावून सांगितले ते असे. संगणकात ध्वनीची एक चिप असते. तिच्याशी बोलणारा चालक प्रणालीच्या गाभ्यात असतो. त्या चालकांचा संसार ‘अल्सा’ नावाची यंत्रणा सांभाळते. २००३ साली आलेल्या लिनक्स गाभ्याच्या २.६ या आवृत्तीपासून ती त्यात सामावलेली आहे. तिच्यावर त्या वेळच्या उबुंटूत ‘पल्सऑडिओ’ नावाचा कारभारी बसत असे आणि कोणत्या कार्यक्रमाचा आवाज कोणत्या दाराने बाहेर सोडायचा हे ठरवत असे. त्याच्याही वर आपण वापरतो तो कार्यक्रम. यांतला प्रत्येक जण आपापले काम चोख करत असतो आणि तरीही शेवटी आवाज येत नाही. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. अर्ज प्रत्येक टेबलावरून रीतसर पुढे सरकतो आणि उत्तर मात्र येत नाही, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

पहिल्या दिवशी त्याने काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहायला लावली : ‘एप्ले’, मग मोकळी जागा, आडवी रेघ आणि ‘एल’. उत्तरात दोन ध्वनिपत्रे दिसली. शून्य क्रमांकाचे एचडीएमआयचे, म्हणजे दूरचित्रवाणी संचाकडे आवाज नेणारे. एक क्रमांकाचे संगणकाच्या स्वतःच्या कर्ण्यांचे. कारभारी सगळा आवाज पहिल्या दाराने पाठवत होता, आणि त्या दाराला काहीच जोडलेले नव्हते. आजी बोलत होती, पण नसलेल्या दूरचित्रवाणी संचाशी! सेटिंगमध्ये जाऊन मी दार बदलले. तरी शांतता.

आत्या दाराशी येऊन विचारी, “काय करायलास रे? आवाज आला का न्हाई?” मी म्हणे, “उद्या येईल.”

फोनवर प्रतीक्षा चालू असताना भाच्याने एक गोष्ट सांगितली. १९९१ साली लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीचे. फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्य समाजातले. पुढे लोक ‘लिनक्स’ हा शब्द वाटेल तसा उच्चारू लागले. तेव्हा त्यांनी स्वतःच्या आवाजात त्याचा उच्चार मुद्रित करून ठेवला : एकदा इंग्रजीत, एकदा स्वीडिशमध्ये. ज्याची मातृभाषा आपल्याच देशात मूठभरांची आहे, त्याला नुसते लिहून भागत नाही, उच्चारही जपावा लागतो, हे ठाऊक असावे, असे मला वाटून गेले.

दुसऱ्या दिवशी ‘अल्सामिक्सर’ उघडले. त्यात आवाजाचा एकच खांब दिसत होता आणि तो भरलेला होता. “हा कारभाऱ्याचा खांब,” भाचा म्हणाला. “एफ-सहा दाबा आणि खरं ध्वनिपत्र निवडा.” तसे करताच चार-पाच खांब उभे राहिले. सगळ्यांच्या पायथ्याशी दोन शून्ये होती. ‘स्पीकर’ असे लिहिलेल्या खांबाखाली मात्र ‘एमएम’ ही अक्षरे होती. एमएम म्हणजे म्यूट, तोंड बांधलेले. मी बाणाने त्या खांबावर गेलो, ‘एम’ दाबला, आणि दोन शून्ये उमटली. इथे शून्य म्हणजे मोकळे, हेही त्या दिवशी शिकलो. बंद करून चालू केल्यावर ही रचना विसरली जाऊ नये म्हणून ‘अल्सा-सीटीएल स्टोअर’ ही आज्ञा दिली. मग चाचणीची आज्ञा दिली, तेव्हा डाव्या आणि उजव्या कर्ण्यातून आळीपाळीने इंग्रजी शब्द ऐकू आले.

भाच्याला तेवढ्यावर समाधान नव्हते. “आता मराठी ऐका,” म्हणून त्याने ‘ईस्पीक’ हा लिहिलेले वाचून दाखवणारा मुक्तस्रोत कार्यक्रम उतरवून घ्यायला लावला. त्याला मराठी येते. समोर वही उघडीच होती, म्हणून मी आजीचे शेवटचे वाक्य टंकले. यंत्राने ते कोरड्या सुरात वाचले, आणि अगदी मी वाचले होते तसेच वाचले.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आत्याला खुर्चीत बसवले आणि तबकडी लावली. खरखर, मग आजीचा आवाज. ओव्या झाल्या, शेतांची नावे झाली. आत्या एकेका नावाला मान हलवत होती. शेवटी आजी थोडी थांबली, खोकली आणि म्हणाली, “बये, तू जग. तेवढं बघ.”

वाचकहो, आपल्या भाषेत ‘ज’ एकच लिहिला जातो आणि दोन तऱ्हांनी उच्चारला जातो. ‘जन्म’मधला ज तालव्य, ‘जागा’, ‘जोर’ यांतला ज दंततालव्य. दुनिया या अर्थीचा ‘जग’ पहिल्या ज-ने सुरू होतो. जगणे या क्रियापदाची आज्ञा ‘जग’ दुसऱ्या ज-ने. कोणी कोशकार नुक्ता देऊन हा भेद दाखवतात. रोजच्या लेखनात आपण तो वाचणाऱ्याच्या कानावर सोपवतो. वडिलांनी घाईने लिहिताना विरामचिन्ह दिले नव्हते. त्यांना त्याची गरज नव्हती, त्यांच्या कानात आवाज होता. माझ्या कानात तो नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी मी एक ज चुकीचा वाचला आणि एका आईचा निरोप बदलून टाकला.

मी आत्याची क्षमा मागितली. तिने ते वाक्य पुन्हा लावायला सांगितले. तीनदा ऐकले. मग म्हणाली, “जगायला सांगायली होती होय ती. ते तर मी केलं की रे.”

पुढच्या वर्षी आत्या गेली. ते मागणे राहून गेल्याची खंत तिच्या तोंडून पुन्हा ऐकू आली नाही.

आपल्या सीमाभागातल्या घराघरांत अशा कॅसेटी पडून आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बोली बोललेली त्यांत आहे आणि ती बोलणारी माणसे कमी होत चालली आहेत. बोलीचे शब्द आपण वह्यांत उतरवतो, ते उतरवलेच पाहिजेत. पण वहीत ज एकच असतो. तेव्हा कपाट उघडा. कॅसेट असेल तर तिची प्रत करून घ्या. संगणक मुका असेल तर पायथ्याशी एमएम आहे का, ते पाहा. आणि घरातले वडीलधारे माणूस समोर बसलेले असतानाच ती लावा.