ठमीची सात घरं

मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं, असं आजी म्हणायची. ठमीने त्यातली बरीचशी १९७१च्या डिसेंबरात दाखवली, तीही मिट्ट काळोखात.

ठमी गिरगावातल्या आमच्या चाळीत कधी आली, हे कुणालाच धड आठवत नव्हतं. पांढरी, पाठीवर करडे ठिपके, डाव्या कानाला खाच. आई आरेच्या दुधाच्या बाटलीचं चंदेरी झाकण सोलायला लागली की तेवढ्या आवाजाने ती गच्चीवरून धावत यायची. झाकणाला चिकटलेली साय तिची, हे ठरलेलं. नोव्हेंबर संपता संपता आमच्या कॉटखाली, गोधड्यांच्या गाठोड्यात तिने तीन पिल्लं घातली.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरच्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. मुंबईत ब्लॅकआउट आला. वडिलांनी काचांवर खळीने खाकी कागद चिकटवले. पण ठमीची ये-जा एका फुटक्या तावदानातून असे. ते बुजवलं तर ती पिल्लांपासून तुटणार, उघडं ठेवलं तर खालून हाक यायची, "दुसरा मजला, उजेड दिसतोय!" शेवटी आईने जुन्या घोंगडीचा तुकडा फक्त वरच्या कडेने ठोकला. ठमी तो डोक्याने ढकलून आत यायची, मागे तो आपोआप खाली पडायचा. खालची हाक थांबली. युद्धाचा विषय निघाला की मला आधी ती घोंगडी दिसते.

हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा चढ-उतार करत वाजायचा. सगळी चाळ जिन्याखाली जमायची आणि एकसुरी भोंगा झाला की परत वर. ठमी मात्र खाली येत नसे. पहिल्याच रात्री तिने एकेक पिल्लू मानगुटीला धरून तांदळाच्या डब्यामागे नेलं, पुढच्या भोंग्याला पोटमाळ्यावर. आजीने १४ एप्रिल १९४४चा गोदीतला स्फोट अनुभवला होता. "माणसांनी पोरं उचलली, भांडी उचलली. मांजरं राहिली मागे," ती सांगायची. म्हणून ठमीच्या वाटेत कुणी आडवं आलेलं तिला खपत नसे.

पोटमाळ्यावरून ठमी गेली ती थेट समोरच्या काकूंच्या खोलीत. काकूंचं सोवळं कडक. मांजर शिवलं तर पुन्हा आंघोळ. त्यांचा मुलगा नौदलात, बोट मुंबईतून गेलेली, कुठे ते ठाऊक नाही. त्याच्या घरच्या शर्टांची ट्रंक उघडी होती, ठमीने पिल्लं नेमकी तिथे ठेवली. आई धास्तावून उचलायला गेली, तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं. दिवस असे आहेत, कुठे हिंडवेल ती?"

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबरच गेले. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी. बातमी आली तशी चाळ गप्प झाली. मुलाच्या बोटीचं नाव काकूंनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं आणि आता विचारायची कुणाची छाती नव्हती. काकू ट्रंकेपाशी बसून असायच्या. ठमीला दूध त्या स्वतःच्या वाटीतून पाजू लागल्या. पिल्लांचे डोळे तोवर उघडले होते आणि एक तर शर्टाच्या बाहीत शिरून झोपायचं. काकू त्या बाहीवरून हात फिरवत राहायच्या. माझ्या मनात युद्धातलं माणसाचं दुःख म्हटलं की तो हात येतो.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. गिरगावात फटाक्यांच्या माळा लागल्या, पेढे वाटले गेले. त्या आवाजाने ठमीने पुन्हा पिल्लं उचलली. भोंगा काय, फटाका काय, तिला सारखाच. चाळ रस्त्यावर नाचत असताना काकू कंदील घेऊन जिन्याखाली, मोरीमागे, गच्चीवर तिला शोधत होत्या. सापडली ती आमच्याच कॉटखाली, जुन्या गाठोड्यात.

मुलाचं पत्र त्यानंतर आलं. तो दुसऱ्या बोटीवर होता, सुखरूप होता. रजेवर आला तेव्हा बाहीत झोपणारं पिल्लू काकूंनी ठेवून घेतलेलं होतं, आणि तो शर्ट त्यांनी त्याला परत दिला नाही. बाकीची दोन भटवाडीत गेली. ठमी पुढेही बरीच वर्षं झाकणाच्या आवाजाला धावत यायची. तिला नंतर आणखी पिल्लं झाली, पण ती कॉटखालून एकदाही हलली नाहीत.