पैसे भरून झाडलोट

"पैसे भरून जंगल झाडायला जायचं?" सासूबाई म्हणाल्या. तुम्हीही म्हणाल! पण मैत्रिणींनो, १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळ, युद्धात उद्ध्वस्त झालेलं खेडं उभारायला पियेर सेरेझोल यांनी सुरू केलेल्या या आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांत मोबदला नसतोच.

आमचं शिबिर काँगड्याच्या डोंगरात होतं. चिडाच्या वाळक्या सुयांत राळ असते. मे महिन्यात ठिणगी पडली की वणवाच! म्हणून दाताळ्यांनी सुया ओढून गावावरची जाळरेषा मोकळी करायची. (स्वयंपाकाची पाळी मात्र सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा!)

गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली. "तुम्ही दहा दिवसांनी जाल. सुया तर दरवर्षी पडतात." उत्तर कुणाजवळच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली, आणि दाताळं कसं धरायचं ते आम्हांलाच शिकवू लागली.