जिभेखालची दोरी

जिभेला हाड नसते, असे आपले पूर्वज सांगून गेले. दोरी असते, हे सांगायचे मात्र राहून गेले. आरशासमोर जीभ वर उचला (घरात कोणी नसताना!), म्हणजे खाली एक पातळ पडदा दिसेल. तोच जिभेचा बंध. कुणाकुणाचा तो आखूड, जाड, नाहीतर थेट शेंड्याशी चिकटलेला असतो. मग जीभ बाहेर काढली की टोकाला खाच पडते आणि ती पत्त्यांतल्या बदामासारखी दिसते. इंग्रजीत याला 'टंग-टाय' म्हणतात. मी बँकेत कारकून. टाय पाहिला तो मॅनेजरच्या गळ्यात. तो निदान संध्याकाळी सैल होतो.

आमच्या मेव्हण्याचा टाय जन्मजात. त्यात राहायला केळवलीला! कर्जत-खोपोली लाइन आखणाऱ्याने जिभेचा विचारच केलेला नाही. पळसदरी, केळवली, डोळवली. ओळीने तीन स्टेशने आणि तिन्हींत 'ळ'. 'ळ' म्हणायचा तर जिभेचा शेंडा वर वळून टाळूकडे जावा लागतो; ट, ठ, ड, ण यांचीही तीच अट. मेव्हण्याची जीभ अर्ध्या जिन्यावरून परत फिरायची. म्हणून हा तिकिटाच्या खिडकीवर सरळ 'खोपोली' म्हणे आणि तीन स्टेशने आधी उतरे. वर्षानुवर्षे! रेल्वेला एवढा सज्जन प्रवासी दुसरा मिळाला नसेल. आम्ही हसायचो. त्याला मात्र प्रत्येक शब्द नोटेसारखा उजेडात धरून, तपासूनच चालवावा लागे.

मागच्या पावसाळ्यात त्याला मुलगी झाली. चार दिवसांत लक्षात आले, पोर अंगावर नीट पीत नाही. पकड सुटते, आईला वेदना होतात, वजन उतरते. जीभ पाहिली तर बापाचीच! हा बंध घराण्यात उतरू शकतो. "भावोजी, लेकीला माझं हेच द्यायचं होतं का?" तो म्हणाला. वाक्यात एकही 'ळ' नव्हता, तरी अडखळला.

शेजारच्या आजींनी वेखंड उगाळायला घेतले, दुसरीने मधाची बाटली काढली. वेखंडाने दोरी सुटत नाही, आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातल्या जंतूंपासून तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते.

डॉक्टरांनी जिभेआधी पाजणे पाहिले. "प्रत्येक बंध कापायचा नसतो," ते म्हणाले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२४ साली हेच बजावले आहे. दोन दिवस बाळ धरण्याची पद्धत बदलून पाहिली. फरक पडेना, तेव्हा कात्री. काही सेकंदांचे काम, रक्ताचे दोन-चार थेंब, आणि पोर लगेच आईच्या कुशीत. आमच्या खात्यात चेक वटायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"आता ही लवकर बोलेल ना?" मेव्हण्याने विचारले.

"बोलायला उशीर होण्याशी बंधाचा संबंध नाही. उशीर झालाच, तर आधी कान तपासायचे. बंधाने अडतात ते काही ठरावीक उच्चार."

"आणि माझे?"

मोठ्यांचे जरा लांबते. जागा बधिर करून बंध सोडवतात, टाके घालतात, पुढे जिभेचे व्यायाम. शिवाय दोरी कापली म्हणून तीस वर्षांची सवय कापली जात नाही. तेव्हा आधी वाचातज्ज्ञ. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून आहे. मेव्हणा एकटा जाईना. कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जी इंजिने जोडतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. घरात बँकर मीच. रजा टाकली आणि ढकलत नेला.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या सौ.चा. मेव्हण्याने सुचवले होते 'उमा'. नुसत्या ओठांवर निभावणारे. सौ.ने पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात दुसरेच नाव सांगितले. त्यात 'ळ' आहे.

"अगं, बापाला हाक मारायला जमेल का?" मी कुजबुजलो.

"रोज मारायचीय ना," सौ. म्हणाली, "जमेल."